चौथ्या लेनची वेळ

भुताच्या गोष्टी मी वाचत नाही. सांगायचा तर प्रश्नच नाही.

ही सांगतेय, कारण हे घडलं तेव्हा मी दोन फुटांवर बसले होते आणि माझ्या हातात घड्याळ होतं.

आणि ही रात्रीची नाही. गेल्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. आमच्या बंदिस्त स्विमिंग टँकवर दोनशे माणसं होती आणि सगळे दिवे लागलेले होते.

मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी पोहण्याच्या स्पर्धांना टाइमकीपर म्हणून बसते. तेवीस वर्षं झाली. मुलं मला घड्याळमावशी म्हणतात. माझी धाकटी बहीण म्हणते, आमच्या ताईकडे अंडंसुद्धा सेकंद मोजून उकडतं. म्हणू दे.

आधी एक समजून घ्या. प्रत्येक लेनच्या टोकाला, भिंतीवर पाण्यात एक पॅड बसवलेला असतो. पोहणाऱ्याने हाताने दाबला की समोरच्या पाटीवर वेळ उमटते. लाटेने तो दाबला जात नाही. त्याला हातच लागतो. तरीही कधी बिघडलाच तर सोय असावी, म्हणून आम्ही मागे घड्याळं घेऊन बसतो.

माझी लेन चौथी. ती सगळ्यात वेगवान मुलीला मिळते.

नऊ वर्षांपूर्वी तिथे वाटाणा पोहायची.

हिरवी टोपी, गोल डोकं, म्हणून वाटाणा. वय चौदा. शंभर मीटर एक मिनिट चार सेकंदांत. तिची एक खोड होती. शर्यत संपली की पॅडवर दोनदा थाप मारायची. थप... थप. आणि गॉगलही न काढता वर बघून विचारायची, "मावशी, किती?"

पाटीवर दिसत असलं तरी तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं असायचं.

एका संध्याकाळी ती आमच्या टाइमकीपरांच्या खोलीत येऊन बसली. केस ओले, टॉवेल गच्च धरलेला.

"मावशी, सर स्ट्रेचिंगसाठी आतल्या खोलीत नेतात."

"मग?"

"दार लावून घेतात."

पुढचं मी इथे लिहिणार नाही. तिने मला सगळं सांगितलं, एवढंच.

तिच्या आईने जलतरण संघटनेकडे अर्ज दिला. तीन जणांची समिती बसली. आदल्या दिवशी सचिवांनी मला बाजूला घेतलं.

"मावशी, सरांमुळे हा टँक चालतो. दीडशे मुलांचा प्रश्न आहे. जेवढं विचारतील तेवढंच सांगा."

समितीने विचारलं, "तुमच्यासमोर काही घडलं का?"

"नाही," मी म्हणाले.

ते खरंच होतं. माझ्यासमोर काही घडलं नव्हतं. मी सही केली आणि घरी जाऊन जेवलेसुद्धा.

कागदावर आलं, 'तथ्य आढळले नाही'. सर मुख्य प्रशिक्षक झाले. वाटाण्याच्या घरचे शहर सोडून गेले. मी पुन्हा तिची चौकशी केली नाही. लाज वाटायची.

त्यानंतरची पहिली स्पर्धा. सोळा वर्षांखालच्या मुली, शंभर मीटर. चौथी लेन रिकामी राहिली. त्या मुलीला म्हणे ताप आला होता.

भोंगा वाजला. बाकीच्या मुली गेल्या. माझ्या लेनमध्ये कोणीच नव्हतं.

आणि मग...

थप... थप.

पाटीवर चौथ्या लेनसमोर आकडा आला. १:०३.९१.

"लाट लागली असेल," सचिव म्हणाले. आकडा पुसला गेला. मी चिठ्ठीवर 'गैरहजर' लिहिलं.

पुढच्या वर्षी चौथ्या लेनवालीचा पाय मुरगळला. लेन रिकामी.

थप... थप. १:०२.८६.

त्याच्या पुढच्या वर्षी कोणाची तरी परीक्षा. पुन्हा तेच. पॅड दोनदा बदलला, तारा बदलल्या. वेळ दरवर्षी थोडी कमी होत गेली. वाढत्या वयाच्या मुलीची होते, तशी.

तुम्ही म्हणाल, कोणाला सांगितलं का नाही? तोंडाला कुलूप लावायची सवय झाली होती, दुसरं काय.

यंदा स्पर्धेच्या दोन दिवस आधी कपाट आवरताना माझ्या जुन्या चिठ्ठ्या हाती लागल्या. मी काही टाकत नाही. आठ वर्षांच्या आठ 'गैरहजर', सगळ्या माझ्याच अक्षरात.

पहिल्यांदाच नावं नीट वाचली.

आठही मुली सरांच्या हाताखालच्या. आणि त्या दिवसानंतर त्यांच्यातली एकही पुन्हा टँकवर दिसली नव्हती.

एवढे दिवस कोणाचा ताप राहत नाही...

इतकी वर्षं मला वाटायचं, वाटाण्याला पोहायचं असतं म्हणून लेन रिकामी होते. लेन रिकामी कोण करतंय, हा विचार मी केलाच नव्हता.

रविवारी आठ वाजताच टँकवर पोचले. यंदाची चौथ्या लेनची मुलगी तेरा वर्षांची, दातांना तार लावलेली. सरावाला पाण्यात दिसली. माझा जीव भांड्यात पडला.

अकरा दहाला शिट्टी झाली. सात मुली उडी मारायच्या ओट्यांवर चढल्या.

चौथा ओटा रिकामा.

सर समोरच उभे होते. गळ्यात शिट्टी, कोणाशी तरी हसत.

भोंगा वाजला. मी घड्याळ सुरू केलं. रिकाम्या लेनसाठी, आयुष्यात पहिल्यांदा.

वाकून बघत राहिले. निळ्या फरश्या, तळाची काळी रेघ. कोणी नाही... कोणीच नाही...

थप... थप.

माझा अंगठा आपोआप दाबला गेला.

पाटीवर ५८.१४.

माझ्या घड्याळात ५८.१४.

तेवीस वर्षांत माझं घड्याळ पॅडशी असं कधी जुळलं नव्हतं. माणसाच्या हाताला थोडा उशीर होतोच.

सगळा टँक पाटीकडे बघत होता. सर एकटेच खाली जमिनीकडे बघत होते.

सचिव लगबगीने आले. "गैरहजर लिहा, मावशी."

मी वेळ लिहिली. मग विचारलं, "ती मुलगी कुठे आहे?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"असेल कुठेतरी. बरं नसेल तिला."

मी उठले. स्पर्धा चालू असताना टाइमकीपर जागा सोडत नाही. मी सोडली.

कपडे बदलायच्या खोलीत, बाकामागे ती बसली होती. केस ओले, टॉवेल गच्च धरलेला.

मी शेजारी जमिनीवर बसले.

"सर दार लावून घेतात का गं?"

तिने झटकन वर पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"एकीने. मी तेव्हा गप्प बसले होते."

या वेळी संघटनेकडे अर्ज दिला नाही. तिच्या आईवडिलांबरोबर सरळ पोलिसांत गेले. नऊच्या नऊ चिठ्ठ्या दिल्या. समितीपुढे मी काय लपवलं, तेही जबाबात लिहून दिलं. सरांना अजून अटक झालेली नाही. संघटनेने रजेवर पाठवलंय, तेवढंच. सचिव रोज फोन करतात, "मावशी, टँक बंद पडेल हो." पडू दे.

मग वाटाणा शोधून काढली.

तुम्हाला वाटत असेल, ती गेली असणार. मलाही तसंच वाटत होतं.

ती जिवंत आहे. दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात काम करते. वय तेवीस. नऊ वर्षांत ती पाण्यात उतरलेली नाही. तिनेच सांगितलं.

"तू मला सगळं सांगितलं होतंस आणि मी 'नाही' म्हणाले," मी म्हणाले. "फार चुकलं माझं. आता खरं लिहून दिलंय."

ती हातातली काच पुसत राहिली. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

"मला बोलावतील?"

"तुझी इच्छा असेल तरच."

"बघते," ती म्हणाली.

मी दाराशी पोचले, आणि मागून, काउंटरवर...

थप... थप.

वळून पाहिलं. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"मावशी, या वेळी किती?"

पाटीबद्दल, पॅडबद्दल मी तिच्याशी एक अक्षरही बोलले नव्हते. तरी सांगितलं.

"अठ्ठावन्न चौदा."

"शेवटी दमले जरा," ती म्हणाली आणि पुन्हा काच पुसायला लागली.

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. लहान मुलींची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. सरांची रजा तिच्या आदल्या दिवशी संपते.