पाचव्या मजल्यावरचा दिवा

"मावशी चोर नाहीत," वकील म्हणाला. "त्यांना काढून आठ दिवस झाले आणि तेवढ्यात पाचव्या मजल्यावरचा दिवा दोनदा गेला. घरी बसलेला माणूस चोरी कशी करेल?" सतत मुद्दे मांडणाऱ्या या मुलाला सगळे वकीलच म्हणत.

"हे मला नको, अध्यक्षकाकांना सांग," ढब्बू बिस्कीट चावत म्हणाला. ढब्बूच्या तोंडात बिस्कीट नसेल तर तो झोपलाय असं समजावं.

एका जागी पाच मिनिटं न टिकणारी भिंगरी आता तीन दिवस या दोघांबरोबर गच्चीच्या जिन्यात दबा धरून बसली होती. सुट्टी लागली तेव्हा इमारतीच्या अध्यक्षकाकांनीच तिघांना सांगितलं होतं, "दिवेचोर शोधा बघू, एवढे हुशार आहात तर." आणि भिंगरीने तो शोधलाही होता. जिना झाडणाऱ्या मावशींच्या बादलीत, ओल्या फडक्याखाली तिने दिवा पाहिला आणि धावत जाऊन सांगून टाकलं. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. काकांनी मावशींना सगळ्यांसमोर विचारलं, "दिवा कुठे नेत होतात?" मावशी खाली मान घालून उभ्या राहिल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. सतरा वर्षांचं त्यांचं काम त्या संध्याकाळी गेलं. जाताना त्यांनी भिंगरीकडे पाहिलं, पण रागाने नाही. तेच तिला जास्त लागलं होतं.

"श्श," वकील म्हणाला.

खाली पाचव्या मजल्यावर दार वाजलं. अध्यक्षकाकांच्याच घराचं! बाहेर आल्या काकांच्या आई. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी आजींना जिना बंद केला होता आणि ऐकू तर कानाशी ओरडलं तरच यायचं. त्या दाराजवळच्या स्टुलावर चढल्या, हाताला रुमाल गुंडाळून दिवा काढला, पिशवीत घातला आणि स्टूल काखोटीला मारून उतरू लागल्या. एक पायरी, मग दम. पुन्हा एक पायरी.

ढब्बू चावायचा थांबला. तिघं चोरपावलांनी मागे निघाली.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकी नव्हती. भर दुपारी तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे. लिफ्टचं दुसऱ्या मजल्याचं बटण वर्षभर मोडलेलं होतं, त्यामुळे हा जिना चढायच्या फक्त तिथे राहणाऱ्या शिवणकाकू. बाकीचे लिफ्टने वरच्या वर जात.

आजी अंधारात स्टुलावर चढल्या. स्टूल खडखडलं. भिंगरीने झेप घेऊन ते धरलं.

"कोण ते? घट्ट धर," आजी न दचकता म्हणाल्या. दिवा लागला. छतावर ओलीचे डाग होते. "पाइप गळतो मेला. तीन-चार दिवसांत दिवा उडतो, मग मी आमच्या दारातला आणते. आमच्याकडे मोठी खिडकी आहे, आम्हाला तो हवाय कशाला?"

"पण गुपचूप का?" वकील त्यांच्या कानाशी ओरडला.

"शिवणकाकूंचे यजमान गेल्या वर्षी इथेच पडले रे. अंधारात. दोन तास पडून होते, कोणाला पत्ता नाही. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेले. इथे दिवा लाव म्हणून मुलाला चारदा सांगितलं. म्हणतो, पुढच्या सभेत बघू. आणि मी जिना उतरते हे कळलं तर मलाच बोलेल. मावशीने एकदा पाहिलं आणि हातातून दिवा काढून घेतला. म्हणाली, तुम्ही पडाल, यापुढे मी नेईन. आता ती गावाला गेली ना, म्हणून पुन्हा मी."

"गावाला नाही गेल्या," भिंगरी म्हणाली. आजींना ऐकू गेलं नाही. मग तिला आपली चूक ओरडून सांगावी लागली. "त्यांना चोर म्हणून काढलं! मीच सांगितलं, बादलीत दिवा आहे म्हणून!"

आजी स्टुलावर बसल्या.

"माझं नाव नाही घेतलं तिने," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले. "आज सभा आहे ना खाली?"

बेत वकिलाचा, पळणं ढब्बूचं. सहा वाजता तो सभेत घुसला. "काका, दिवेचोर सापडला! दुसऱ्या मजल्यावर!"

लिफ्ट तिथे थांबत नाही, म्हणून काका जिन्याने निघाले. मागे सगळी सभा. वळणावर काका ठेचकाळले, पडता पडता त्यांनी कठडा धरला.

"अरे, इथे दिवा का नाही?" ते गरजले.

"मी वर्षभर हेच विचारतेय," अंधारातून आवाज आला आणि मुद्दाम काढून ठेवलेला दिवा पुन्हा लागला. आजी स्टुलावर होत्या, भिंगरीने स्टूल धरलं होतं. "चोर मी आहे. मावशीने फक्त माझं ओझं वाहिलं."

गलका ऐकून शिवणकाकूंनी दार उघडलं होतं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "मला वाटत होतं, हा तुम्हीच लावता," त्या म्हणाल्या.

काकांनी खालमानेने आईला स्टुलावरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी काका मुलांना घेऊन मावशींच्या खोलीवर गेले. बोभाटा झाल्यामुळे शेजारच्या दोन इमारतींनीही मावशींना काढलं होतं. दाराशी बादली पालथी पडली होती. काकांनी हात जोडून माफी मागितली, कामावर या म्हणाले, पाइप दुरुस्त होतोय, वळणावर पक्का दिवा लागतोय, सगळं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं.

"आजींनी हे चारचौघांत कबूल केलं?"

"हो."

"तेच नको होतं," मावशी म्हणाल्या. "या वयात त्यांना मुलाचं बोलणं सगळ्यांसमोर ऐकावं लागू नये, म्हणून गप्प बसले होते. माझं काय, झाडताना मान खालीच असते."

"मावशी, मी चुकले," भिंगरी कसंबसं म्हणाली.

"तू पाहिलंस तेच सांगितलंस. पुढच्या वेळी आधी बादलीवालीला विचार."

"पण या मुलांमुळेच सत्य बाहेर आलं हो. शाबास!" असं म्हणत काकांनी तिची पाठ थोपटायला हात उचलला. भिंगरी बाजूला सरकली. तिने पालथी बादली उचलली आणि मावशी चपला घालेपर्यंत ती धरून दारात उभी राहिली.