बाईंची बंद चाल

हे कुणाला सांगायचं नाही, असं मावशीने मला बजावलं होतं. तरी लिहितेय.

मावशी शिवणकाम करते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी बायका बुद्धिबळ खेळतात. तिथल्या वार्षिक स्पर्धेत गणिताच्या बाईंनी तिला ओळीने नऊ वर्षं हरवलं होतं. वर हसून म्हणायच्या, "तू आपली काज-बटणंच कर गं."

यंदा अंतिम डावात मात्र मावशी एका हत्तीने वरचढ होती. खोली बंद व्हायची वेळ झाली, डाव अर्धवट राहिला. रीतीप्रमाणे बाईंनी पुढची चाल कागदावर लिहून लिफाफ्यात बंद केली.

गुरुवारी बाई वारल्या.

"तुम्हीच जिंकलात, ताई. घरी जा," रविवारी ग्रंथपाल म्हणाले. पंचही तेच.

"मला पटावर जिंकायचंय. लिफाफा फोडा, घड्याळ लावा." मग रिकाम्या खुर्चीकडे बघून मावशी म्हणाली, "बघू या, आता किती विचार करतात!"

चाल साधीच निघाली, घोड्याची. मावशीने उत्तर दिलं आणि घड्याळाची कळ दाबली. बाईंची उरलेली चाळीस मिनिटं सुरू झाली. टळटळीत दुपार. खिडक्या बंद. कुठूनसा निलगिरीच्या तेलाचा वास आला, बाई सर्दीला लावायच्या तसा. मावशीने नाकाला पदर लावून क्षणभर डोळे मिटले.

खट्.

आता मावशीचं घड्याळ चालत होतं. पटावर बाईंचा वजीर पुढे आला होता.

"भाऊ... तुम्ही हात लावलात?"

ग्रंथपाल दाराला पाठ लावून उभे होते.

मावशी खेळली. खट्. पुन्हा खेळली. खट्. हत्ती गेला, उंट गेला, प्यादी एकेक करून गेली. राजा एकटा उरला. मात एका चालीवर होती, आंधळ्यालाही दिसली असती. बाई ती देत नव्हत्या. नुसता शह. मग पुन्हा शह. मावशीने हार मानून राजा आडवा केला.

तो उभा राहिला.

"बाई... चुकलं माझं. सोडा ना..."

शह.

तो डाव कसा संपला, मावशी सांगत नाही. हल्ली घरात ती एका वेळी एकच फरशी सरकते. थांबते. मग दुसरी. काल मी विचारलं तर पुटपुटली, "शहाच्या मध्ये आडवं यायला कुणीतरी हवं होतं गं..."

आत्ता तिने हाक मारली. "पोरी, ये ना. माझ्या पुढच्या फरशीवर जरा उभी राहा." मी म्हटलं, आले, एवढं वाक्य पुरं करते आणि