बाळाचे आठ दिवस

ज्या बाळाला जन्मल्यावर श्वास घेणं जड जाणार, त्याची श्वासनलिकाच बुजवायची? दहा वर्षांच्या शाल्मलीला हे काही केल्या पटेना. आणि सांगत होते कोण, तर तिचे आजोबा, ज्यांनी २०६० साली पोटातल्या बाळाचं प्रकाशचित्र हवेत उभं करणारं यंत्र बनवलं होतं!

आत्ताही ते चित्र टेबलावर तरंगत होतं. आईच्या पोटातलं बाळ, मुठी आवळलेलं. आई-बाबा समोरच बसून ऐकत होते.

"छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो," आजोबा म्हणाले. "बाळाच्या श्वासपटलाला भोक राहिलंय. त्यातून आतडी वर सरकलीत. फुप्फुसांना वाढायला जागाच नाही."

"मग आत्ता ते श्वास कसा घेतं?"

"घेतच नाही. प्राणवायू नाळेतून मिळतो. पोटात असताना फुप्फुसं पाणी तयार करतात, ते श्वासनलिकेतून बाहेर वाहून जातं."

शाल्मली विचारात पडली. मग उठून गॅलरीत गेली आणि झाडांना पाणी घालायचा चपटा पाइप नळाला लावून तिने त्याचं तोंड दाबलं. पाइप टम्म फुगला.

"म्हणजे नळी बंद केली की पाणी आतच साठणार आणि फुप्फुसं ताणून वाढणार!"

"बरोबर. श्वासनलिकेत इवलासा फुगा बसवायचा, काही आठवड्यांनी काढायचा. भोक जन्मानंतर शिवायचं."

एरवी आजोबांनी तिची पाठ थोपटली असती. आज त्यांना मान वर करायचीही लाज वाटत होती.

कारण फुगा ठरावीक आठवड्यांतच बसवता येतो आणि ती मुदत उद्याच संपत होती. आजोबांना हा दोष आठ दिवसांपूर्वीच दिसला होता. पण रविवारी आईचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी आली होती, फुलांचे दागिने सांगून झाले होते. कार्य पार पडू दे, मग सांगू, म्हणून ते गप्प बसले आणि आजच त्यांनी सगळं सांगितलं. आपल्याकडे सगळेच असं करतात. पण शास्त्रज्ञाने करावं?

"मी ओटी भरून घेत होते, गाणी म्हणत होते, आणि तुम्हाला माहीत होतं, अण्णा?" आईचा आवाज फाटला. "विचार करायला माझ्याकडे आठ दिवस होते. तुम्ही एक ठेवलात."



"फुगा नको," शाल्मलीचे बाबा म्हणाले. "बाळ फार लवकर जन्मलं तर? तुला काही झालं तर?" आणि ते सगळ्यांदेखत रडायला लागले.

"बसवला तर किती जगतात?" आईने विचारलं.

"दहातली चार. नाही बसवला तर एखाद-दुसरं."

चार जगतात म्हणजे सहा जगत नाहीत, हे शाल्मलीला कोणी सांगावं लागलं नाही.

"नंतर पस्तावणार नाही असा एखादा रस्ता आहे का, अण्णा?"

"नाही, पोरी."

आईने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "बसवा. पण यापुढे जो आकडा येईल, तो आधी मला कळला पाहिजे. वाईट असला तरी."

बाबांनी डोळे पुसले आणि तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी फुगा बसवला. त्यानंतर आठ दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. घरात कुणाला धड जेवण गेलं नव्हतं. यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटला आणि आजोबांचा हात जुन्या सवयीने तो झाकायला पुढे झाला. शाल्मलीने तो हात बाजूला केला.

"आई, ऐक. असायला हवं त्याच्या पाव हिस्सा फुप्फुस होतं. आता तिसरा हिस्सा झालंय."

"पुरेल?"

"नाही पुरणार. अजून बरंच वाढायला हवं."

आई रडली. मग पदराने तोंड पुसून तिने शाल्मलीला जवळ ओढलं.

"वाढतंय मात्र," ती म्हणाली. "पुढच्या वेळीही तूच वाच."