लाल गव्हाची चपाती

चपातीचा तुकडा दोन बोटांत धरून कुणीतरी ताणून बघतंय, हे रंभाने पडद्याआडून पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. चिंचवड स्टेशनजवळच्या तिच्या आईच्या खानावळीत तो आज पहिल्यांदाच जेवायला आला होता. यशवंतराव, पिंपरीच्या औषध कारखान्यातला तरुण इंजिनिअर. वर्षभर अमेरिकेत शिकून नुकताच परतलेला.

"तिकडे पाव काय मऊसूत असतो," तो शेजारच्याला सांगत होता. "दूध बाटलीत, पाण्याचा थेंब नाही. आणि ही चपाती… चिवट आहे हो."

"मग तिकडंच ऱ्हायचं की, साहेब," रंभा पुढे येऊन म्हणाली. "आमी बोलावणं न्हवतं धाडलं."

तो हसला. त्या हसण्याचा तिला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. रोज त्याची नवी तक्रार, रोज तिचं तिखट उत्तर. तरी वाढायला तीच धावायची… आणि धावते कशाला, म्हणून स्वतःवरच चिडायची.

महिन्याभराने तो परत चपातीवर घसरला, तेव्हा तिने रेशनचं रिकामं पोतं त्याच्या पुढ्यात आपटलं.

"वाचा. तुमच्या अमेरिकेचाच लाल गहू हाय ह्यो, दुष्काळात रेशनवर आलेला. चपाती चिवटच व्हनार. तिकडं मऊ पाव, आन् आमच्या वाट्याला ह्ये. आमच्या हाताला नावं ठेवू नका."

पोत्यावरचे इंग्रजी शिक्के वाचून यशवंतरावाचे कान तापले. ताट संपवून तो निघून गेला.

मग चार दिवस फिरकलाच नाही. पाचव्या दिवशी कारखान्यातल्या सोनबाने जेवताना बातमी दिली — यशवंतरावांना पुन्हा अमेरिकेला धाडतायत, दोन वर्षांसाठी. "जाऊ दे मेला," रंभा म्हणाली, आणि चुलीकडे तोंड करून रडली.

संध्याकाळी तो दारात उभा.

"निरोप घ्याया आलात?"

"उद्या जाण्याच्या कागदावर सही करायची आहे," तो म्हणाला. "तिकडे उत्तम जेवलो, रंभा. पण मी जेवलो काय, उपाशी राहिलो काय… कुणाला फरक पडत नव्हता."

"हितं पडला," ती ताडकन बोलली. "चार दिस घास उतरला न्हाई माझ्या घशाखाली. सही केलीत तर जन्मात तोंड बघणार न्हाई तुमचं."

"आणि नाही केली तर?"

रंभाने पदराने डोळे पुसले. राग काही उतरला नव्हता.

"तर आत या," ती म्हणाली, "आन् आईशी काय बोलायचं ते नीट बोला. तिला अमेरिका सांगत बसू नका."