तीन नंबरच्या कोठडीची भिंत

पोरांनो, बेकरीमागे राहणाऱ्या सासी गवंड्याला तुम्ही ओळखता. ही त्याचीच गोष्ट. तो उगाच बोलणाऱ्यातला नाही.

गेल्या नोव्हेंबरची बारा तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्युनिसहून वारसा खात्याच्या बाई येणार होत्या. फ्रेंचांनी फॉस्फेटच्या खाणीबरोबर बांधलेला आपला जुना तुरुंग राखायचा, की पाडून तिथे टॅक्सीतळ करायचा, हे त्या ठरवणार होत्या. संपात पकडलेल्या कामगारांनी भिंतींवर काही कोरलेलं सापडलं, तरच तो वाचणार होता. चुना खरवडायचं काम सासीकडे आलं. दोन कोठड्यांत काही निघालं नाही. तिसरी उरली होती.

खरं तर तो तुरुंग एकदाचा पडावा, असंच सासीला वाटे. त्याचा बाप हादी चोपन्न सालच्या संपात, बावीस वर्षांचा असताना, तिथेच डांबला गेला, तेव्हा सासी आईच्या पोटात होता. तीन महिन्यांनी तो जन्मला. नाव आईनंच ठेवलं. तुरुंगाच्या वहीत हादीपुढे चाळिसाव्या दिवशी ‘सुटका’ लिहिलेली; माणूस मात्र घरी आलाच नाही. गाव म्हणालं, फ्रान्सात मार्सेला पळाला, तिकडे दुसरी केली. सासीच्या आईनं, मब्रूकानं, तेच खरं धरलं. सत्तर वर्षं घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. ऑक्टोबरात ती गेली, तीही त्याला शाप देतच.

किल्ली देताना पालिकेचा खमीस हसला होता. "सासीकाका, बाप मार्सेला आणि तुम्ही भिंतीत काय शोधताय?"

रात्रीची, इशाची नमाज आटोपून पावणेआठला सासी आत गेला. या कामाला अंधारच लागतो; विजेरी तिरपी धरली की बारीक ओरखड्याचीही सावली पडते. वरचे थर त्यानं उतरवले. कुठे काही नाही. सगळ्यात खालचा, जुना कडक चुना तेवढा राहिला होता. बरं झालं, त्याच्या मनात आलं, उद्या बुलडोझर येईल. तो उठला.

भिंतीपलीकडून कुणीतरी टकटक केली.

पलीकडे खोली नव्हती. डोंगर होता.

"भावा..." आवाज पोरसवदा होता. "बाहेरून आलास?"

सासी भिंतीकडे वळला. "हो."

"खाणीच्या चाळीतली मब्रूका ठाऊक आहे? पोटुशी आहे ती..."

सासीनं भिंतीवर तळहात टेकवला.

"झाली का मोकळी?"

"झाली."

"मुलगा... की..."

"मुलगा."

पलीकडे हसू फुटलं. हलकंसं. मग श्वास. मग...

"नाव?"

"सासी."

कुणीतरी ते नाव पुटपुटून पाहिलं. एकदा. पुन्हा एकदा.

"ती वाट बघते ना रे?"

सासीला आईचे घट्ट मिटलेले ओठ दिसले.

"बघते," तो म्हणाला. "रोज."

मग काही नाही.

सत्तर वर्षांच्या माणसानं बावीस वर्षांच्या पोराला "बाबा" म्हणून हाक मारली. तीनदा मारली...



सकाळी बाई आल्या, तेव्हा तो भिंतीला कान लावूनच बसला होता. हा खालचा थर काढून बघाच, म्हणून त्यानं त्यांचे हात धरले. बाईंनी आधी चुना तपासला. तो फ्रेंचांच्या वेळचाच होता, त्यानंतर कुणी हात न लावलेला. मग त्यांनी स्वतः बारीक पातं चालवलं. खपल्या गळाल्या. खाली हादीचं नाव निघालं, पकडल्याची तारीख, आणि दिवसांच्या रेघा.

रेघा एकोणसाठ होत्या.

सुटका झालीच नव्हती. माणूस कुठे गेलाच नव्हता. आणि हे जिला सांगायचं, ती तीन आठवड्यांपूर्वी मातीआड झाली होती. सासी तिथेच, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा रडला. खमीसनं मान खाली घातली.

तुरुंग वाचला, ते तुम्ही बघताच आहात. पण त्या दिवशी कागद भरता भरता बाई थांबल्या आणि रेघांच्या खाली बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा दुसरा कैदी कोण?"

रेघा थांबल्या, तेव्हा सासी जन्मायला महिना होता.

त्याच हातानं, त्याच जुन्या चुन्याखाली, दोनदा कोरलं होतं...

सासी. सासी.