बरणीतला प्रमाण-वास

निशिगंध सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या भोपळ्या नावाच्या कुत्र्याचा ताबा अखेर त्याच्याविरुद्ध अकरा लेखी तक्रारी करणाऱ्या गृहस्थांकडे गेला. संस्थेच्या इतिवृत्तात याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडलेलेच नाही, अशी संस्थेची जुनी समजूत आहे. तेव्हा असे काही झालेच नाही असे धरून आपण नाशिकच्या घ्राणविज्ञान प्रयोगशाळेत जाऊ. तिथे डॉ. केतकी गव्हाणकर एका उशीत नाक खुपसून बसली होती.

"कसला येतोय?" डॉ. मुजावरांनी विचारले. ते तिचे वरिष्ठ. एकतीस वर्षे वासांवर काम केल्यामुळे त्यांना कुणाच्याही डब्यात काय आहे ते झाकण न उघडता सांगता येई. त्यामुळे त्यांच्यासोबत जेवायला कुणी बसत नसे.

"कसलाच नाही सर."

"भोपळ्याची उशी ना ही?"

"हो. पण खरं सांगू? मला आधीही येत नव्हता."

"तुला कसा येईल! रोजचा वास नाक मेंदूला कळवतच नाही. रोजची बातमी कोण छापतं?" मुजावरांनी उशी हातात घेतली, लांब श्वास ओढला आणि भुवया वर केल्या. "परवा ही उशी जिन्यात होती तेव्हाच मला वर कळली होती. आज काहीच नाही. काय केलंस?"

केतकीने टेबलावरची फवारणीची बाटली पुढे सरकवली. आत गढूळ पाण्यासारखे काहीतरी होते.

"गंधभक्षी जिवाणू. कुत्र्याच्या कातडीतून तेल सुटतं, त्या तेलाची हलकी आम्लं बनतात, ती हवेत उडतात आणि आमच्या समोरच्या ठोसरकाकांच्या नाकात जातात. लोक काय करतात? उन्हात वाळवतात, खायचा सोडा टाकतात, नाहीतर वरून मोगरा फवारतात. मग कुत्रा आणि मोगरा असे दोन वास येतात. माझे जिवाणू ती आम्लं उडायच्या आतच खाऊन टाकतात."

"आणि सोडतात काय?"

"पाणी आणि कार्बन डायऑक्साइड."

"माणसाच्या अंगावर गेले तर?"

"घामातही तीच आम्लं असतात. माणूसही बिनवासाचा होईल. बिघडलं कुठे?"

मुजावरांनी बाटली उजेडात धरली. "बिघडलेलं अजून सापडलं नाही, एवढंच. सापडेल."

एरवी केतकीने आणखी वर्षभर चाचण्या केल्या असत्या. पण तिच्या हातात अठराच दिवस होते. अठराव्या दिवशी सोसायटीची तपासणी होती, आणि तपासणीचा ठराव पुढीलप्रमाणे होता: 'ज्या सदनिकेत कुत्र्याचा वास आढळेल त्या सदनिकेचा धारक हाच कुत्र्याचा धारक समजला जाईल व त्याने सात दिवसांत कुत्रा इमारतीबाहेर न्यावा.'

भोपळ्याला इमारतीबाहेर नेऊन ठेवावे असे ठिकाण केतकीकडे नव्हते. चार वर्षांपूर्वी पेठ रस्त्यावरच्या भाजीच्या गाड्याखाली तो तिला सापडला होता. रंगाने पिवळट-तांबूस, आकाराने गोल. त्या दिवसापासून ती घरी आली की तो तिचे दोन्ही तळहात हुंगत असे, आधी डावा, मग उजवा, आणि हजेरी लागल्यासारखा शेपटी हलवत असे. केतकीचे दुसरे कुणी नव्हते असे नाही, पण हजेरी घेणारे दुसरे कुणी नव्हते.

ठराव लिहिला होता समोरच्या ३०२ मधल्या दिगंबर ठोसरांनी. ठोसर वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. काटे तपासायचे, खोटी मापे जप्त करायची आणि दिसेल त्याला लाखेची मोहोर लावायची, यात त्यांची हयात गेली. निवृत्त होताना खात्याने त्यांना शाल दिली. घरी पोचेपर्यंत तिच्यावरही मोहोर होती. मापाशिवाय तक्रार म्हणजे नुसती कुरकुर, असे त्यांचे मत होते. म्हणून ठरावाच्या दिवशीच ते बेल वाजवून दारात उभे राहिले होते.

"डॉक्टरीणबाई, प्रमाण-किलो असतो, प्रमाण-मीटर असतो. तसा प्रमाण-वास हवा. उद्या तुम्ही म्हणाल, वास कमी झाला. कशापेक्षा कमी?"

"काका, मला तर मुळात वासच—"

"तुमची साक्ष ग्राह्य नाही. मासळीवालीला मासळीचा वास विचारत नाहीत."

आणि ते भोपळ्याची जुनी गोधडी चिमट्यात धरून घेऊन गेले. ती त्यांनी लोणच्याच्या मोठ्या बरणीत कोंबली, तोंडावर फडक्याचा दादरा बांधला, दोरीच्या गाठीवर लाख ओतली आणि बरणी ओट्याच्या कडेला ठेवली. मग कुत्र्याचा वास घरात आला म्हणून दिवसातून तीनदा फिनेलने फरशी पुसायला सुरुवात केली. बरणीही पुसत. दादऱ्यावर फिनेल शिंपडत. दारात फिनेलने भिजवलेले पायपुसणे टाकले. त्यावर पाय पुसल्याशिवाय ते स्वतःलासुद्धा आत घेत नसत. बाहेरून आले की जंतुनाशक साबणाने आंघोळ.

केतकीने घरभर फवारणी केली. सोफा, पडदे, चटई, भोपळ्या, शेवटी स्वतः. चाळीस मिनिटांत एकाचे दोन होणाऱ्या जिवाणूंना लिफ्टची बटणे, जिन्याचे कठडे आणि शेजारपाजारची वाटी-साखर पुरेशी झाली. दहाव्या दिवसापर्यंत सगळी इमारत बिनवासाची झाली. व्यायामशाळेतून आलेली मुले आयांना बिलगू लागली. लिफ्टमध्ये लोक एकमेकांशी बोलू लागले. सेक्रेटरी माधवी कुलथे यांच्या यजमानांचे मोजे अठ्ठावीस वर्षांत प्रथमच घरात आले.

बिघडलेले सापडले ते अकराव्या दिवशी.

केतकीने कुलूप उघडले तर भोपळ्या गुरगुरला. "अरे, मी आहे!" ती म्हणाली. आवाज ऐकून त्याची शेपटी निम्मी हलली. तो धावत आला, डावा तळहात हुंगला, उजवा हुंगला, पुन्हा डावा हुंगला. मग दोन पावले मागे सरकून तो तिच्या मागे दाराकडे बघू लागला. आवाज तर आला, आता माणूस कधी येणार, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

रात्री तो आपल्या उशीवर झोपला नाही. परक्याच्या घरी पाहुणा बसतो तसा सोफ्याच्या टोकाशी अंग चोरून बसला.

"तू त्याच्यासाठी रेडिओ झालीयेस," दुसऱ्या दिवशी मुजावर म्हणाले.

"सर, प्लीज."

"चेष्टा नाही करत गं. आपण माणूस डोळ्यांनी ओळखतो, कुत्रा नाकाने. डोळे, कान त्याचे जोडधंदे. आवाज सांगतो केतकी आली, नाक सांगतं इथे कुणीही नाही. भांडण झालं की तो नाकाचं ऐकतो. आणि घराचंही तेच. घर म्हणजे त्याच्या लेखी भिंती नाहीत. स्वतःचा वास जिथे येतो ते घर. तो तू पुसून टाकलास."

"म्हणजे त्याला वाटतं की..."

"की त्याचं घर कुणीतरी उचलून नेलंय. अन् तो ते शोधणार."

त्याने ते शोधलेही. संध्याकाळी ठोसरांची बेल न वाजवता आलेली हाक केतकीला ऐकू आली.

"बाई! आरोपी माझ्या दारात बसलाय!"

भोपळ्या ३०२ च्या उंबऱ्याशी नाक टेकून बसला होता. फिनेलच्या पायपुसण्यावर तो चारही पायांनी उभा राहिला, नियम माहीत असल्यासारखे ते घासले, आणि ठोसरांच्या पायांमधून आत शिरून थेट ओट्याखाली, बरणीच्या बरोबर खाली, अंगाचे वेटोळे करून झोपला. माणसाच्या नाकाला दादऱ्यातून काही कळत नव्हते. भोपळ्याला कळत होते. फिनेलमुळे जिवाणू त्या बरणीपर्यंत पोचलेच नव्हते. अख्ख्या इमारतीत त्याचे घर एवढेच उरले होते, आणि फिनेलनेच राखलेल्या वासाचा माणूसही एकच: दिगंबर ठोसर. जाग आल्यावर भोपळ्याने त्यांचे दोन्ही तळहात हुंगले, आधी डावा, मग उजवा, आणि शेपटी हलवली.

"हे काय करतोय हा?" ठोसरांनी हात वर धरून विचारले.

"हजेरी घेतोय," केतकी म्हणाली.

ठोसरांनी त्याला सहा वेळा बाहेर नेऊन सोडले. तो सातव्यांदा आत आला. त्या वेळी त्यांनी नेले नाही. गुडघे दुखतात, असे कारण त्यांनी सांगितले. सोळाव्या दिवशी केतकी भोपळ्याचे जेवण घेऊन गेली तेव्हा ठोसर त्याच्यापुढे जुन्या तराजूचे पारडे ठेवून दूधभात कालवत होते.

"दोनशे चाळीस ग्रॅम," ते घाईघाईने म्हणाले. "पुराव्याची उपासमार झाली असं नको."

तपासणी रविवारी सकाळी झाली. प्रयोगशाळेतून मुजावर विद्युतनासिका घेऊन आले. जेवणाच्या डब्याएवढे हे यंत्र हवेतल्या आम्लांचे कण मोजून श्वानांक दाखवते. दहाच्या वर श्वानांक म्हणजे कुत्र्याचा वास. कुलथेबाई वही घेऊन पुढे, मागे सगळी कार्यकारिणी.

केतकीचे ३०४: शून्य. सोफा शून्य, पडदे शून्य, उशी शून्य. इमारतीतल्या बाकी सगळ्या सदनिका: शून्य.

"तक्रारदाराचीही मोजावी लागेल," कुलथेबाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम, नाही का ठोसर?"

"अर्थात," ठोसर म्हणाले, आणि दार उघडले.

चौऱ्याहत्तर.

फिनेलच्या फरशीवर लोळून भोपळ्याच्या अंगावरचे जिवाणू मेले होते आणि त्याचा वास परतला होता. ओट्याखालून भोपळ्याने एकदा मान वर केली, आकडा मान्य असल्यासारखी खाली ठेवली. कुलथेबाईंनी ठराव मोठ्याने वाचला. ज्या सदनिकेत वास आढळेल त्या सदनिकेचा धारक हाच कुत्र्याचा धारक. सात दिवसांत कुत्रा इमारतीबाहेर.

"हा ठराव कुणी लिहिलाय?" ठोसर ताडकन म्हणाले.

"तुम्ही."

"चोख लिहिलाय," ठोसर म्हणाले आणि खाली बसले.

सगळे गेल्यावर केतकी दारातच थांबली. ती तपासणी जिंकली होती आणि कुत्रा हरली होती, आणि आता तो दोघांच्याही हातून जाणार होता.

"काका, मला माझा वास परत आणता येईल. फिनेल, उकळलेले कपडे, तुमचा तो साबण. दोन दिवसांत तो मला ओळखेल. पण मग माझाही श्वानांक वाढेल. दोन सदनिका दोषी."

"एका गुन्ह्यात दोन आरोपी," ठोसर म्हणाले. त्यांचा हात भोपळ्याच्या कानामागे होता. त्यांच्या लक्षात आले तसे त्यांनी तो काढला, मग पुन्हा ठेवला. "बाई, तुम्ही शास्त्रज्ञ. तुमच्याकडे उपाय असतो. मी सरकारी माणूस. माझ्याकडे अर्ज असतो."

"अर्जाने काय होणार?"

"काही नाही होणार. छत्तीस वर्षांत मी केंद्राकडे नव्या मापाचे बावीस प्रस्ताव पाठवले. एकही मंजूर झाला नाही, एकही नाकारलाही गेला नाही. आणि प्रस्ताव विचाराधीन असेपर्यंत माप हलवता येत नाही, हा कायदा आहे. मीच लोकांना बजावायचो." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही जाऊन साबण लावा. मी लाख तापवतो."

केतकीने साबण लावला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भोपळ्या ३०२ च्या दारातून बाहेर आला, पॅसेजमध्ये थबकला आणि धावत सुटला. डावा तळहात. उजवा तळहात. मग त्याने शेपटीने चपलांचा स्टँड पाडला. त्या दिवसापासून तो जेवतो ३०४ मध्ये, झोपतो ३०२ मध्ये, आणि दोन्हीकडे रोज हजेरी घेतो. बाकीच्या इमारतीला कसलाच वास येत नाही. मुजावर आता रविवारी ठोसरांकडे जेवायला येतात. डब्यात काय आहे ते कळतेच, पण ठोसर त्यांना बोलू देत नाहीत.

अर्जाची स्थळप्रत कुलथेबाईंनी फाइलला लावली आहे. ती अशी:

प्रति, मा. संचालक, मापन-मानक विभाग, नवी दिल्ली.

विषय: श्वानगंधाचे राष्ट्रीय प्रमाण निश्चित करण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, एक गोधडी (बरणी, दादरा व मोहोरेसह) ही श्वानगंधाचे राष्ट्रीय प्रमाण म्हणून घोषित करण्यात यावी. सदर प्रमाण सदनिका ३०२ येथे सुरक्षित आहे. प्रमाण कालांतराने फिके पडत असल्याने त्याचे नियमित नूतनीकरण आवश्यक असून, त्याकामी एक जिवंत उपकरण (रंग पिवळट-तांबूस, आकार गोल, वजन एकोणीस किलो दोनशे ग्रॅम) जागेवर कायम ठेवणे अपरिहार्य आहे. सदर उपकरणाची जुळणी दररोज दोन व्यक्तींच्या तळहातांवर, प्रथम डाव्या व नंतर उजव्या, करावी लागते. त्या व्यक्तींनाही जागेवरून हलवता येणार नाही.

तरी या प्रस्तावावर सर्व बाजूंनी साकल्याने विचार होऊन, कोणतीही घाई न करता, यथावकाश मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.