बिनसाखरेचा चहा

सकाळी साडेदहाला खुशाल लंगडत औषधाच्या दुकानात आला. त्यानं चिठ्ठी काचेवर ठेवली. संघप्रियानं ती वाचली... मेटफॉर्मिन. साखरेच्या आजाराची गोळी.

"पाय काऊन असा टाकता, भाऊ?"

"काल नाटकात राजा होतो, मॅडम. राजा गुडघ्यावर पडल्याशिवाय लोकं टाळ्याच नाई वाजवत!"

ती हसली नाही. बाबांचा पाय साखरेनंच नेला होता, मागोमाग बाबाही गेले. कोरपन्याचं घर बंद करून ती वडशाला नोकरीला आली, तेव्हापासून तिचा चहा एका कपाचाच. त्या दिवशी तिनं दोन कप केले. त्याच्या कपात साखर घातली नाही.

नाटक मंडळीचा मुक्काम वडशातच. खुशाल दर आठवड्याला येऊ लागला. तो कडू चहा घोट घोट पीत तिच्याकडे बघायचा... ती गोळ्या मोजत राहायची.

एकदा कप ठेवताना तो म्हणाला, "होळीले नाटकाचा सीझन संपते. मी इथीच राहू का... तुमच्यासाठी?"

"नाई, भाऊ."

"काऊन?"

"बाबाले साखर होती. जपता जपता गेले. आता पुन्हा नाई..."

"पण मले कुठी साखर हाय?"

तिनं मान वर केली. "मंग ही गोळी?"

"नागपूरच्या डॉक्टरनं गुडघ्यासाठी लिहून देल्ली. म्हणे, असर पक्का नाई, पण पाहू. यानं आयुष्य वाढते असंही कोणी कोणी म्हणतात."

"अन् बिनसाखरेचा चहा काऊन पेत होते?"

"मले वाटलं, तुमच्या घरी असाच करतात. तुमी देल्ला... मनून पेलो."

तिला हसू आलं. ते लपवायला ती कपाटाकडे वळली. "एवढं लंबं जगून करान काय?"

"एकट्यानं? काईच नाई. मनून तं इचारलं."

बाहेर मंडळीच्या गाडीचा हॉर्न वाजला. तो दारात क्षणभर थांबला. ती कपाटातल्या बाटल्या लावत राहिली, आणि तो गेला.

पुढच्या आठवड्यात तिनं दोन्ही कपांत साखर घातली. चौकात गाडी आली, सगळे उतरले. खुशाल नव्हता. "गुडघा लय सुजला जी, गडचिरोलीले भरती हाय," ढोलकीवाल्या सोमाजीनं सांगितलं.

चहावर साय धरली. तिनं फोन काढला. 'खुशालभाऊ, इथीच राहा,' असं लिहिलं. मग 'भाऊ' पुसला आणि पाठवलं.

दुकान बंद होईपर्यंत त्यानं तो निरोप उघडलेला नव्हता.